टॉवेलाखालचा ईमेल

सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र मला एका दिवसात मिळालं, दुपारच्या जेवणासकट. जेवणात पनीर होतं, त्यावरून कार्यशाळा गंभीर असावी असं मी धरून चाललो. नळदुर्गातल्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. प्राचार्यांनी त्या कार्यशाळेला नेमकं मलाच पाठवलं, कारण त्या दिवशी ऑफिसात माझ्यावाचून काही अडण्यासारखं नव्हतं. (हे कारण मला फार उशिरा कळलं.) प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून घेतलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात, गल्लीत आणि नात्यागोत्यात मूर्ख माणसांची संख्या एकदम वाढली. म्हणजे ती आधीपासून असणारच, पण आता मला ती दिसायला लागली.

माझ्या साडूला ‘वीजबिल थकलंय, आज लाईट तोडणार’ असा मेसेज आला. त्या शहाण्यानं घाबरून पंखे बंद केले आणि मेसेज पाठवणाऱ्याला फोन लावून मुदत मागितली. मेव्हणीला मोटार बक्षीस लागल्याचं पत्र आलं, तर तिनं उलट टपाली रंग कुठला म्हणून विचारलं. मी दोघांना फोनवर अर्धा अर्धा तास झापलं. चोर हुशार नसतो, आपण ढ असतो, हे माझं त्या काळातलं आवडतं वाक्य. फसवं पत्र ओळखायचे नऊ नियम मी एका कागदावर लिहिले आणि स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांच्या वर चिकटवले. एवढ्यानं समाज सुधारेना, म्हणून दर सोमवारी ‘आजचा सायबर विचार’ नावाचा ईमेल लिहून माझ्या ओळखीच्या दोनशे लोकांना पाठवायला सुरुवात केली. माझी बायको सुरेखा म्हणायची, वाचतंय का पण कुणी? मी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघायचो.

ही सुरेखा गेली अठरा वर्षं ब्लाउज शिवते. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ आहेत आणि ती कुणाची किती वाढली हे ती कधीही सांगत नाही, त्यामुळे तिचं गिऱ्हाईक टिकून आहे. तिची पायमशीन जुन्या पद्धतीची, काळी, जड, तिच्या आईनं दिलेली. या उन्हाळ्यात ती मशीन आतून तडकली. सोलापूरहून आलेल्या मिस्त्रीनं ती उघडून बघितली आणि सांगितलं की हिचा सुटा भाग आता कुठं मिळत नाही, असलीच दुसरी जुनी मशीन गावली तर बघा. नवी मशीन तिनं शेजारणीची चालवून बघितली. तिला ती हाताला हलकी लागेना आणि पायाला ऐकेना. इकडं लग्नसराई तोंडावर, बारा ब्लाउज कापून पडलेले, आणि हायवेच्या पलीकडं एक नवं बुटीक उघडलेलं. पंधरा दिवसांत मशीन मिळाली नाही तर अठरा वर्षांची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडणार होती. सुरेखा पोळ्या फार जोरात लाटायला लागली होती.

शेवटी तिलाच जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या एका साइटवर अगदी तशीच मशीन दिसली. हैदराबादकडच्या एका म्हाताऱ्या टेलरनं विकायला काढली होती. लिलाव रविवारी दुपारी चार वाजता बंद होणार होता. ‘माझ्या फोनवर दिसतंय, म्याच लावते बोली,’ ती म्हणाली. मी हसलो. मग तिला खुर्ची देऊन बसवलं आणि ऑनलाइन लिलावात भोळ्या माणसाला कसे लुबाडतात ते पाऊण तास समजावून सांगितलं. प्रमाणपत्र असलेला माणूस घरात असताना तिनं या भानगडीत पडू नये, बोली मी लावीन, असा निकाल दिला. ती बरं म्हणाली. ती इतक्या पटकन बरं म्हणते तेव्हा सावध व्हावं, हा दहावा नियम मी लिहायला हवा होता.

याच सुमारास माझे सासरे अप्पा आमच्याकडं मुक्कामाला होते. ते अणदूरचे. सोलापुरात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आठ दिवस लेकीकडं विश्रांतीला आलेले. डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर टॉवेल, आणि तोंडात मराठी-कानडीची मिसळ. उभा जन्म त्यांनी बैलबाजारात दलाली केली. आता बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. मोठ्यानं भाव बोलणारा माणूस अप्पांच्या लेखी बाजारबुणगा.

लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण अप्पांनी मला टॉवेलाखाली कधी हात घालू दिला नाही. मेव्हण्यांना दिला, साडूला दिला (पंखे बंद करणाऱ्या त्या साडूला!), मला नाही. एकदा गंमत म्हणून मी आपण होऊन हात पुढं केला, तर त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. ऑफिसातला माणूस म्हणजे बिनकामाचा, असं ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण ते मला माप घेतल्यासारखं कळतं. त्यामुळे या लिलावात मी काय चीज आहे ते अप्पांनाही ऐकू जावं, अशी माझी फार इच्छा होती.

रविवार उजाडला. साडेतीनलाच मी कॉम्प्युटरसमोर बसलो. अप्पा खाटेवर, सुरेखा खाली सतरंजीवर एका हातात फोन घेऊन. ती पाककृती बघत असावी, असं मी समजलो. सगळ्यांत वरची बोली माझी होती आणि मी ते दर दोन मिनिटांनी जाहीर करत होतो. चारला दहा मिनिटं कमी असताना एक ईमेल येऊन पडला. तुमची बोली मागे पडली आहे, वेळ संपत आली आहे, बोली वाढवण्यासाठी इथे दाबा.

मी खदखदून हसलो. याला म्हणतात फसवं पत्र! सुरेखाला जवळ बोलावलं, अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात पत्र वाचून दाखवलं आणि एकेक खूण बोट ठेवून समजावली. घाई करतो तो चोर. भीती घालतो तो चोर. ‘इथे दाबा’ म्हणतो तो तर जातिवंत चोर. सुरेखा म्हणाली, पण साइट उघडून एकदा बघा तरी बोली कुठं हाय ती. म्हटलं, त्यांना तेच तर पाहिजे असतं. अप्पा खाटेवरून म्हणाले, बाजार उठायच्या टायमाला घाई असतीच की. मी त्यांच्या वयाकडं बघून उत्तर दिलं नाही. पत्र कचऱ्यात टाकलं, तक्रारीचं बटण दाबलं आणि हात झटकले. तोवर चार वाजून दोन मिनिटं झाली होती, आणि साइटवर लिहून आलं होतं की मशीन दुसऱ्या बोलीदारानं जिंकली.

पत्र खरं होतं. त्या लिलावात तोवर मला आलेलं ते एकुलतं एक पत्र, आणि मी त्याची चोर म्हणून तक्रार केली होती.

मला वाटलं आता सुरेखा घर डोक्यावर घेणार. तिनं नुसता फोन बाजूला ठेवला, उठली आणि चहा टाकला. चहा टाकताना गुणगुणत होती. दुःख जास्त झालं की माणसाचं असं होतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. बारा ब्लाउज, पलीकडचं बुटीक, अठरा वर्षं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. माझ्या शहाणपणामुळं तिचं दुकान बसलं, असं मला अगदी मनापासून वाटलं. तसं तिला सांगावं एवढं मोठं मन मात्र झालं नाही, म्हणून ती साइटच लबाड दिसते असं म्हणालो. ती बरं म्हणाली. पुन्हा पटकन.

सोमवारी ऑफिसात आजचा सायबर विचार धाडला (विषय: मोह), आणि पाठोपाठ मला एक ईमेल आला. ‘माननीय बोलीदार, शिलाई मशीन जिंकलेल्या व्यक्तीने माघार घेतली आहे. आता मान तुमचा. हा व्यवहार खाजगी असून साइटवर किंवा कुणापाशी याची वाच्यता करू नये. दोन तासांत खालील दुव्यावर नोंद करून आगाऊ रक्कम भरावी.’

डाळीच्या डब्यांवरचे नऊच्या नऊ नियम या पत्रात हजर होते. शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं. आणि मी काय केलं? एकेका नियमाला खुर्ची देऊन बाहेर बसवलं. माझं नाव न लिहिता ‘माननीय बोलीदार’ लिहिलंय, तर काय झालं, अदबशीर माणूस दिसतो. पत्ता साइटच्या नावानं सुरू होऊन भलतीकडंच संपतो, तर असेल त्यांची दुसरी शाखा. दोन तासांची घाई? काल घाई केली नाही म्हणून तर मशीन गेली. अप्पाच म्हणाले नव्हते का, बाजार उठायच्या वेळी घाई असते! राहता राहिला सगळ्यांत मोठा नियम, मी लाल शाईनं लिहिलेला: ‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा शंभर टक्के चोर.

आणि नेमकं त्याच वाक्यावर माझी विकेट पडली. कुणापाशी वाच्यता करू नये! म्हणजे टॉवेल! एकवीस वर्षं ज्या टॉवेलाखाली मला हात घालता आला नाही, तो एका अनोळखी भल्या माणसानं माझ्यासाठी पसरला होता. चारचौघांत ओरडून झालेला लिलाव तो पोरखेळ, खरा सौदा नंतर दोघांतच होतो, हे मी सासुरवाडीत लग्नापासून ऐकत आलेलं. माझा ऊर भरून आला. दुवा दाबला. समोर हुबेहूब साइटचं पान उघडलं. त्यानं पासवर्ड मागितला, दिला. ईमेलचाही मागितला, तोही दिला. चुकला म्हणून पुन्हा मागितला, तर दुसऱ्या वेळी मी हळू आणि स्पष्ट टाइप केला, त्याला त्रास नको. कार्डाचा नंबर घालून दोन हजार रुपये भरले. फसवणाऱ्याला एवढं सहकार्य दुसऱ्या कुणी केलं नसेल.

संध्याकाळी अर्धा किलो बालूशाही घेऊन घरी आलो. अप्पा ओसरीत बसले होते. मी चप्पल काढली, त्यांच्यासमोर मांडी घातली, त्यांच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून माझ्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. अप्पांनी काळा चष्मा सारखा केला. मग, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी टॉवेलाखाली हात घातला. मी बोटं दाबून भाव सांगितला. (चुकीचाच सांगितला असणार. त्यांच्या चेहऱ्यावरून मी एखादा हत्ती घेतला असं वाटत होतं.)

‘जावईबापू, कशाचा सौदा हा?’

म्हटलं, मशीनचा. झाला. गुपचूप.

‘माल बगितला?’

‘फोटो बघितला.’

‘धनी बगितला?’

धन्याचं पत्र आलंय, म्हणालो. अप्पांनी हळूच ‘इल्ला’ म्हटलं. अप्पांचं कानडी ‘नाही’ मराठी ‘नाही’पेक्षा पक्कं असतं.

‘जावईबापू, टावेल कशापायी घालत्यात? भाव झाकायला. माणूस झाकायला न्हवं. माणूस तर म्होरंच बसल्याला असतो, त्याचा हात आपल्या हातात असतो. तुमच्या ह्या पत्राच्या टावेलाखाली हात कुणाचा व्हता?’

पण प्रमाणपत्रवाला माणूस असा सहजासहजी हरत नाही. आवाज चढवून सांगितलं की हे बैल नव्हेत, ऑनलाइनची रीत वेगळी असते. ज्यानं काल मशीन जिंकली त्यानं माघार घेतली, त्यामुळे नियमाप्रमाणं हक्क माझा, आणि हे पत्रात स्वच्छ लिहिलंय.

स्वयंपाकघरातून सुरेखा हात पुसत बाहेर आली.

‘कुणी माघार घेतली म्हणून लिवलंय?’

‘जिंकणाऱ्यानं.’

‘म्या तर घेतली न्हाय,’ सुरेखा म्हणाली.

सुरेखानं फोन पुढं केला. त्यावर मशीन होती, तिचं नाव होतं, पैसे भरल्याची पावती होती, आणि माल शुक्रवारी ट्रान्सपोर्टनं पोचेल असं म्हाताऱ्या टेलरचं पत्र होतं. त्याला तिनं रविवारीच व्हिडिओ कॉल करून मशीन चालवून दाखवायला लावली होती, आणि त्याची सून कुठल्या गावची हेसुद्धा विचारून घेतलं होतं. काल दुपारी मी खुर्चीवर बसून माझी बोली सगळ्यांत वर असल्याचं जाहीर करत होतो, तेव्हा ती माझ्या पायाशी सतरंजीवर बसून मला मागं टाकत होती.

‘मग मला सांगितलं का नाही?’ मी विचारलं.

‘तुमी सांगू कुठं देता?’

मला मनस्वी लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे, मशीन मिळाली याचा इतका आनंद झाला की धड लाजताही येईना. अप्पांनी टॉवेलाखालचा हात अजून सोडला नव्हता. त्यांनी तो दोनदा थोपटला, दात काढलेल्या लेकराला थोपटावं तसा. एकवीस वर्षांनी मान मिळाला तो असा.

पुढची धावपळ सुरेखानंच केली. बँकेला फोन लावून कार्ड बंद केलं, मदत केंद्रावर तक्रार नोंदवली, आणि माझे पासवर्डही तिनंच बदलले. दोन हजार काही परत आले नाहीत. शिवाय तोवर चोरांनी माझ्या ईमेलात शिरून माझ्याच नावानं दोनशे लोकांना पत्रं सोडली होती: मशीन आहे, मान तुमचा, कुणाला सांगू नका. मंगळवारी मी सकाळपासून एकेकाला फोन करत बसलो की बाबांनो, माझं पत्र उघडू नका. साडू म्हणाला, ‘तुमचं पत्र आमी आजपत्तुर कदी उगडलंय?’ मेव्हणीनं तर पहिल्याच सोमवारी अशी सोय करून ठेवली होती की माझं पत्र आलं की आपोआप कचऱ्यात जातं. प्राचार्य म्हणाले, कुठलं पत्र? दोनशे माणसांत एकही फसला नाही. सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात माझ्या हातून झालेलं भरीव काम म्हणतात ते एवढंच.

शुक्रवारी मशीन आली. हायवेवर ट्रक थांबला, दोन हमालांनी ती उतरवली, आणि सुरेखानं तिथंच रस्त्याच्या कडेला पोतं सोडून चाक फिरवून बघितलं. तेल घातल्यासारखं फिरलं. त्या आठवड्यात बाराच्या बारा ब्लाउज झाले. पलीकडच्या बुटीकवाल्या बाईनं स्वतःचाच एक ब्लाउज सैल करायला आमच्याकडं पाठवला, तो तेरावा.

परवा सुरेखा मशीनवर बसली होती, पाय लयीत चालू होते, तिचा मूड बरा दिसला, म्हणून मी हळूच विचारलं की त्या दिवशी माझ्या बोलीवर तिनं किती चढवले होते.

‘शंभर,’ ती दातांनी दोरा तोडत म्हणाली.

‘फक्त शंभर?’

‘आदी पाचशे टाकणार व्हते,’ ती म्हणाली. ‘मग म्हटलं, तुमाला मागं टाकायला एवढं कशाला?’